खटला उभा राहीपर्यंत



मुंबई–अहमदाबाद महामार्ग डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतून जातो. चारोटी, तलासरी, आच्छाड ही गावे मागे टाकून तो गुजरातेत शिरतो. उजव्या हाताला दादरा–नगर हवेली आहे आणि पुढे किनाऱ्याला दमण. या रस्त्यावरून अहोरात्र मालमोटारी धावतात आणि त्यांच्या चाकांवर इथल्या कित्येक घरांची चूल पेटते. भाताची कापणी आटोपली, चिकूच्या वाडीतले काम संपले की पाड्यावरची तरुण मुले गाडीवर क्लीनर म्हणून जातात. त्यातलीच काही पुढे चालक होतात. दमणच्या दारूची चोरटी वाहतूक या भागाला नवी नाही. ती करताना पकडला गेलेला माणूस काही दिवसांत जामिनावर परत येतो, हेही सर्वांच्या पाहण्यातले आहे. त्यामुळे गाडीत गांजाची पोती सापडली आणि घरातला मुलगा अटकेत गेला, तर घरच्यांची पहिली समजूत अशीच होते की, आठ-पंधरा दिवसांत सुटेल.

तो सुटत नाही. पंधरवडा जातो, पावसाळा जातो, दुसरा पावसाळा येतो. ठाण्याच्या किंवा कल्याणच्या कारागृहात भेटीला जायचे म्हणजे तलासरीहून शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास आणि एका दिवसाची मजुरी बुडाली. वकील सांगतात की कायदा कडक आहे, तारीख पडली आहे. हा 'कडक कायदा' नेमका काय आहे आणि या 'तारखा' का पडतात, हे समजून घेतल्याशिवाय या विषयावर मत बनवणे योग्य होणार नाही.

कायद्याचे पूर्ण नाव लांबलचक आहे : गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो अंमलात आहे. व्यवहारात त्याला 'एनडीपीएस' म्हणतात. १९८९ साली संसदेने त्यात दुरुस्ती करून कलम ३७ कठोर केले. या कलमानुसार सरकारी वकिलाने विरोध केला असता, आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारणे आहेत आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करण्याचा संभव नाही, अशी न्यायालयाची दोन्ही बाबतीत खात्री पटली तरच जामीन देता येतो. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर खटल्याच्या शेवटी मिळायचे, ते खटल्याच्या उंबरठ्यावरच आरोपीने मिळवून दाखवायचे. २००१च्या दुरुस्तीने त्यात विवेक आणला. अल्प, मध्यम आणि व्यापारी अशी प्रमाणांची प्रतवारी झाली आणि जामिनाची ही अट मुख्यतः व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यांपुरती राहिली. गांजा २० किलो, चरस १ किलो, हेरॉईन २५० ग्रॅम, मेफेड्रोन ५० ग्रॅम या सीमा होत. त्या ओलांडल्या की शिक्षा किमान १० वर्षे, कमाल २० वर्षे आणि किमान एक लाख रुपये दंड.

ही कठोरता अनाठायी आहे काय? मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयानेच १९९९ साली रामसमुझ प्रकरणात म्हटले की, खून करणारा एका-दोघांचा जीव घेतो, मादक द्रव्यांचा व्यापारी मात्र अनेक निरपराध तरुणांच्या मृत्यूला कारण होतो. ज्या घरातला मुलगा मेफेड्रोनच्या आहारी गेला, त्या घराला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. घरातली भांडी जातात, आईचे मंगळसूत्र जाते आणि मुलगा घरात असून नसल्यासारखा होतो. कायदा सैल करा, अशी मागणी या व्यासपीठावरून कोणी करणार नाही. प्रश्न निराळा आहे. हा कठोर कायदा ज्याच्यासाठी केला, त्याच्यापर्यंत तो पोहोचतो काय?

समजा, एका मालमोटारीत बटाट्याच्या पोत्यांखाली ६० किलो गांजा सापडला. गाडीत कोण असते? चालक आणि क्लीनर. माल भरणारा मागे कुठेतरी राहतो, उतरवून घेणारा पुढे कुठेतरी थांबलेला असतो आणि पैसा लावणारा तर या रस्त्यावर कधी येतच नाही. चालकाने त्याचे नाव सांगितले तरी तेवढ्यावर भागत नाही. २९ ऑक्टोबर २०२० रोजी तोफान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, या कायद्याच्या कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येणार नाही. निर्णय योग्यच आहे, कारण कोठडीतला कबुलीजबाब कसा मिळतो हे काही गुपित नाही. पण त्याचा अर्थ असा की, मुख्य सूत्रधारापर्यंत पोहोचायचे तर दूरध्वनीच्या नोंदी, बँकेचे व्यवहार, मालवाहतुकीच्या पावत्या यांचा कष्टाने माग काढला पाहिजे. तो काढला गेला नाही तर कारागृहात दोघेच उरतात, गाडी चालवणारा आणि गाडी पुसणारा. त्यांना पोत्यांतले ठाऊक होते की नव्हते, हा खरा वादाचा मुद्दा. कलम ३५ आणि ५४ अन्वये गृहीतक त्यांच्या विरुद्ध असते. ते खोडून काढायचे तर साक्षीपुरावा झाला पाहिजे आणि साक्षीपुरावा व्हायचा तर खटला उभा राहिला पाहिजे.

इथे सगळे अडते. साध्या गुन्ह्यात ६० वा ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. या कायद्यात मोठ्या गुन्ह्यांसाठी ही मुदत १८० दिवसांची आहे आणि न्यायालयाच्या परवानगीने ती एक वर्षापर्यंत वाढते. जप्त मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे, मोहोरबंद करायचे, कलिन्याच्या किंवा अन्य न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवायचे आणि अहवालाची वाट पाहायची. त्यानंतर आरोप निश्चिती. त्यासाठी सर्व आरोपी एकाच दिवशी न्यायालयात हजर हवेत. एका कारागृहातून पोलीस पथक मिळाले तर दुसऱ्यातून मिळत नाही. पुढे पंचांची पाळी. महामार्गावर मध्यरात्री धरलेले पंच कोण असतात? ढाब्यावरचा नोकर, पंक्चर काढणारा, वाटेने जाणारा एखादा. चार वर्षांनी समन्स निघते तेव्हा ढाबा बंद पडलेला असतो आणि नोकर त्याच्या मुलखात परत गेलेला असतो. सापडला तरी त्याला काय आठवणार? तो फितूर झाला असे आपण म्हणतो. पुष्कळदा तो बिचारा प्रामाणिकपणे विसरलेला असतो. तपास अधिकाऱ्याच्या दरम्यान दोन बदल्या झालेल्या असतात. मुद्देमालाची पोती उंदरांनी कुरतडलेली असतात.

वजनाचा मुद्दाही इथेच सांगितला पाहिजे, कारण सामान्य माणसाला तो चमत्कारिक वाटेल. कायद्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांची सोबत नसेल तर बिया आणि पाने गांजात मोजली जात नाहीत. पोलिसांनी पाने, बिया, देठ, शेंडे असे सगळे एकत्र तोलून २१ किलो लिहिले, तर त्यातला 'गांजा' २० किलोच्या वर आहे की खाली? या शंकेवर मुंबई उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत जामीन दिला आहे. उलट हेरॉईनसारख्या पदार्थात भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२०च्या हिरा सिंग निर्णयात ठरवले. पंचनामा करणाऱ्या हवालदाराने तराजूवर काय ठेवले आणि कागदावर काय लिहिले, यावर एखाद्या माणसाची दहा वर्षे अवलंबून असतात. आपल्याकडे पंचनामा हा अजूनही रकाने भरण्याचा प्रकार समजला जातो, हे दुर्दैव होय.

या दुखण्याची न्यायालयीन दखल फार पूर्वी आणि विशेषतः महाराष्ट्राच्याच संदर्भात घेतली गेली, हे अनेकांना ठाऊक नसते. १९८९च्या दुरुस्तीने जामीन कठीण केला, त्याच दुरुस्तीने विशेष न्यायालयांचीही तरतूद केली. दोन्ही गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या होत्या. जामीन देणार नाही, पण निकाल लवकर देऊ, असा तो सौदा होता. प्रत्यक्षात पहिला भाग लगेच लागू झाला, दुसरा कागदावर राहिला. बृहन्मुंबईत खटल्यांचा ढीग साचला आणि आरोपी वर्षानुवर्षे आत राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या विधी साहाय्य समितीने या न्यायाधीन बंद्यांच्या वतीने याचिका केली. ७ ऑक्टोबर १९९४ रोजी न्यायमूर्ती अहमदी आणि न्यायमूर्ती हंसारिया यांनी निकाल दिला. सूत्र सरळ होते. ज्यांच्या गुन्ह्याला पाच वर्षे वा त्याहून कमी शिक्षा आहे आणि कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला आहे, त्यांना जामीन द्यावा. ज्यांच्या गुन्ह्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, त्यांना पाच वर्षे आत काढल्यावर एक लाख रुपयांच्या जामिनावर, दोन जामीनदारांसह सोडावे. पारपत्र जमा करणे आणि पोलीस ठाण्यात नियमित हजेरी देणे या अटी होत्याच. त्या काळी एक लाखाचे दोन जामीनदार कोणाला मिळत होते, हा प्रश्न मात्र त्या निकालानंतरही शिल्लक राहिला.

हे निर्देश त्या वेळी तुंबलेल्या प्रकरणांपुरते होते. रोग जुना झाला तसा तो पुन्हा पुन्हा उफाळत राहिला. २०१३ मध्ये ठाणा सिंग प्रकरणात, वीस वर्षे कमाल शिक्षेच्या गुन्ह्यात बारा वर्षांहून अधिक काळ निकालाविना आत असलेला माणूस सर्वोच्च न्यायालयासमोर आला. न्यायालयाने त्याला जामीन तर दिलाच, शिवाय तहकुबी देऊ नयेत, साक्षी सलग दिवसांत घ्याव्यात, प्रयोगशाळा वाढवाव्यात असे निर्देश दिले. जुलै २०२२ मध्ये मोहित अग्रवाल प्रकरणात त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने सांगितले की, केवळ दीर्घ कोठडी हे कलम ३७ ओलांडण्यास पुरेसे कारण नाही. आणि २८ मार्च २०२३ रोजी मोहम्मद मुस्लिम प्रकरणात न्यायमूर्ती रवींद्र भट आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्त यांनी सात वर्षांहून अधिक काळ आत असलेल्या आरोपीला जामीन देताना म्हटले की, खटल्याला अवाजवी विलंब झाला असेल तर कलम ३७ जामिनाच्या आड येऊ शकत नाही. जामिनाच्या कठोर अटी घटनेत बसतात त्या खटला वेळेत संपेल या भरवशावर, असा त्या निकालाचा गाभा आहे. मात्र पीठांचे सूर एक नाहीत. त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन आरोपींपैकी एक घरी आणि एक आत, असे घडते. ज्याला दिल्लीपर्यंत वकील उभा करता येतो त्याला निदान दार ठोठावता तरी येते.

महाराष्ट्रासंबंधी २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने दोनदा जे म्हटले, ते राज्यकर्त्यांनी आणि पोलीस अधिकाऱ्यांनी कार्यालयात टांगून ठेवावे अशा योग्यतेचे आहे. ३ जुलैला बनावट नोटांच्या एका प्रकरणात आरोपी चार वर्षे आत होता आणि आरोप निश्चितीही झालेली नव्हती. न्यायालयाचे म्हणणे असे की, शीघ्र न्यायाचा हक्क जपण्याची साधने शासनाकडे नसतील, तर गुन्हा गंभीर आहे एवढ्या आधारावर त्याने जामिनाला विरोध करू नये. डिसेंबरमध्ये दुसऱ्या प्रकरणात आढळले की, सहा वर्षांत १०२ तारखा पडल्या आणि त्यांपैकी बहुतेक तारखांना आरोपीला न्यायालयात आणलेच नव्हते. प्रत्यक्षही नाही आणि दूरदृश्य यंत्रणेवरूनही नाही. आता विचार करावा. आरोपी शासनाच्याच ताब्यात, न्यायालय शासनाच्याच इमारतीत, मधला रस्ताही शासनाचाच आणि तरीही माणूस पोहोचत नाही. याला आरोपीचा डावपेच कसे म्हणणार?

विलंबाने नुकसान एकट्या आरोपीचे होते, ही समजूतही डहाणूकरांनी तरी बाळगू नये. १६ एप्रिल २०२०च्या रात्री गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. तो गुन्हा अमली पदार्थांचा नव्हता, पण विलंबाचा रोग तोच. शंभराहून अधिक माणसे धरली गेली. २०२२ मध्ये, घटनेला दोन वर्षे होत आली तेव्हा, मुंबई उच्च न्यायालयाने एकेकाची भूमिका तपासून दहा जणांना जामीन दिला आणि आठ जणांना नाकारला. कोण नुसता गर्दीत उभा होता आणि कोणी काठी उगारली, हे चित्रफितींवरून वेगळे काढावे लागले. हे वेगळे काढणे खटल्यात पहिल्याच वर्षी झाले असते तर? निरपराध घरी गेला असता आणि हत्यारा शिक्षेच्या वाटेला लागला असता. गेलेल्यांच्या आप्तांना न्याय हवा आहे. त्यांच्या दृष्टीने तारखेवर तारीख ही आरोपीला मिळालेली सवलतच होय. अमली पदार्थांच्या खटल्यातही असेच होते. साक्षीदार विसरतो, नमुना खराब होतो आणि आठ वर्षांनी जो खरोखर दोषी आहे तोही निर्दोष सुटतो. जो निर्दोष आहे तोही तेव्हाच सुटतो. त्याची गेलेली आठ वर्षे भरून देणारी वैधानिक योजना नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८च्या २७७व्या अहवालात अशा भरपाईसाठी कायद्याची शिफारस केली होती.

काही जण विचारतील, जामीन दिला आणि पळून गेला तर? आंतरराज्य टोळीच्या म्होरक्याबाबत ही शंका रास्त आहे. त्याच्या बाबतीत पारपत्र, मालमत्ता, हजेरी अशा अटी घालाव्यात आणि जरूर तेथे जामीन नाकारावाही. त्याचा खटला मात्र दररोज चालवावा. पण ज्याचे घर, शेत, देव आणि गोत सारे तलासरीच्या चार कोसांत आहे, तो पळून जाणार कोठे? जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे आपल्या समाजात अजून नीट रुजलेले नाही. जामिनावर आलेल्याला गावात 'सुटून आला' म्हणतात. खटला चालूच असतो, हजेरी द्यावीच लागते आणि दोष सिद्ध झाला तर आत जावेच लागते.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ने १ जुलै २०२४ पासून आणखी एक वाट उघडली आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत गेलेल्याला, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळ गेल्यावर, जामिनाचा लाभ मिळू शकतो. त्यासाठी न्यायालयाला लेखी कळवण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकाचे आहे. वीस वर्षांच्या गुन्ह्यात एक तृतीयांश म्हणजे सहा वर्षे आठ महिने होतात. मध्यम प्रमाणाच्या, दहा वर्षांच्या गुन्ह्यात तीन वर्षे चार महिने. एकाहून अधिक प्रकरणे चालू असतील तर हा लाभ नाही. देशाच्या कारागृहांत २०२२च्या अखेरीस ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे चारांतले तीन. यांच्यापैकी कोणाचा तिसरा हिस्सा कधी भरतो, हा हिशेब एका कार्यालयाने ठेवायचा आहे. तो तसा ठेवला जाईलच, या भरवशावर कुटुंबीयांनी राहू नये. अटकेची तारीख, गुन्ह्याचा क्रमांक, लावलेली कलमे आणि जप्तीचे वजन या चार गोष्टी घरात एका वहीत लिहून ठेवाव्यात. अनेक घरांत तेवढेही नसते.

कार्यकर्त्यांच्या हाती असलेले काम इथूनच सुरू होते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतील कोणालाही विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. पाड्यावरच्या वारली वा कोकणा कुटुंबाने यासाठी म्हैस विकण्याचे कारण नाही. तरीही ती विकली जाते, कारण पोलीस ठाण्याच्या दारात जो पहिला भेटतो तो फुकटच्या वकिलाची माहिती देत नाही.

दुसरी अडचण जामीनदाराची. न्यायालयाने पन्नास हजारांचा जामीन मंजूर केला तरी ऐपतीचा दाखला आणायचा कोठून? सातबारा आजोबांच्या नावावर आणि त्यात सतरा वारस. वनहक्काचा पट्टा असेल तर तो वारसाने पुढे जातो, पण विकता वा हस्तांतरित करता येत नाही. तेव्हा तारण म्हणून त्याला किंमत काय? त्यामुळे जामीन मिळूनही माणूस आतच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी यावर निर्देश दिले आहेत. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा. हा आदेश दाखवून जातमुचलक्यावर सुटकेची मागणी करता येते.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब बंद्यांच्या साहाय्याची योजना आणली. योजना आणली तेव्हाच्या नियमांनुसार जामिनाची रक्कम भरता न येणाऱ्या न्यायाधीन बंद्याला त्यातून ४० हजार रुपयांपर्यंत मदत होऊ शकत होती. योजना स्तुत्य आहे. मात्र भ्रष्टाचार, आर्थिक अपहार आणि दहशतवादविरोधी कायद्यांबरोबर एनडीपीएसचे आरोपीही तिच्यातून वगळले गेले. काळा पैसा पांढरा करणाऱ्याला सरकारी तिजोरीतून जामीन नको, हे कोणालाही पटेल. त्याच ओळीत मालमोटारीवरचा क्लीनर बसला आहे. जिल्ह्याच्या खासदार-आमदारांकडे या वगळणुकीचा फेरविचार मागणारे निवेदन द्यायचे झाल्यास त्यात दोनच मागण्या असाव्यात : न्यायालयाने जामीन मंजूर केलेल्या आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीला तरी या योजनेत घ्यावे, आणि पालघर जिल्ह्यातील एनडीपीएसच्या प्रत्येक प्रलंबित खटल्यात आरोपीला किती तारखांना हजर केले नाही, याचा तक्ता दर तिमाहीस प्रसिद्ध करावा.